पुण्याच्या पाहुण्यांना शनिवारी रात्री गावातल्या पार्टी बारमध्ये न्यावे का?

टिळकवाडीकर :

माझा पुण्याचा आतेभाऊ लग्नाआधीची एक रात्र मित्रांसोबत घालवण्यासाठी पुढील महिन्यात बेळगावला येणार आहे. एकूण पाच जण आहेत आणि त्यांत त्याचा वीस वर्षांचा धाकटा भाऊही आहे. त्यांना शांत बसून गप्पा मारायच्या नाहीत. डीजे, गर्दी आणि नाच असलेली गावातलीच जागा हवी आहे. (गोगटे सर्कल ओलांडून शहराच्या मध्यभागाकडे निघालो की आपण ‘गावात गेलो’ असे म्हणतो, हे पुणेकरांना मला अजून पटवता आलेले नाही.)

जागेचा अंदाज यावा म्हणून मागच्या शनिवारी आम्ही कार्यालयातले सहा जण अशाच एका बारमध्ये गेलो होतो. नऊ वाजून गेल्यावर पोहोचल्यामुळे खांबाआडचे टेबल वाट्याला आले, आवाज इतका होता की शेजारच्याशीही खुणांनी बोलावे लागत होते, आणि जरा रंग भरतो न भरतो तोच सव्वाअकराला शेवटची ऑर्डर विचारून साडेअकराला सगळे दिवे लावण्यात आले. मध्येच एका टेबलाला कन्नड गाणे हवे होते आणि दुसऱ्याला मराठी. शब्दाने शब्द वाढत असताना डीजेने कोणाचेच न ऐकता हिंदी गाणे लावले आणि त्यावर दोन्ही टेबले नाचली! बिलात मात्र आम्ही न घेतलेल्या तीन बिअर आणि वर सेवा शुल्क निघाले. भांडण नको म्हणून आम्ही पैसे भरले, पण ते अजून सलते आहे. पाहुण्यांसोबत पुन्हा तेच होऊ नये यासाठी काय करावे?

माजी कॅप्टन :

मी बारा वर्षे बारमध्ये काम केले आहे, आधी वेटर म्हणून आणि पुढे कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख म्हणून, त्यामुळे बिलाबद्दल सांगू शकतो. न घेतलेल्या तीन बिअर म्हणजे प्रत्येक वेळी लबाडीच असते असे मला वाटत नाही. डीजे सुरू असताना एकाच टेबलावरचे तिघे तीन वेगवेगळ्या वेटरांना हात करून ‘रिपीट’ म्हणतात, तीन केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) फाटतात, आणि आलेली बाटली आपली की शेजारच्या टेबलाची हे कोणी पाहत नाही. म्हणून ऑर्डर एकानेच द्यावी आणि तीही एकाच वेटरला द्यावी. रिकाम्या बाटल्या बिल येईपर्यंत टेबलाखाली ठेवायला सांगाव्यात. टेबल लहान असल्याच्या कारणाने त्या भराभर उचलल्या जातात आणि मग मोजायला काहीच उरत नाही. पेग मागवणार असाल तर स्मॉल म्हणजे 30 मिलिलिटर आणि लार्ज म्हणजे 60. टेबलाजवळ मापाने ओतून द्यायला सांगण्यात काही कमीपणा नाही.

वाईन शॉपमधला छापील दर दाखवून बारमध्ये वाद घालू नका, कारण बारचा दर वेगळा असतो आणि तो मेनूवर लिहिलेला असतो. सेवा शुल्काची गोष्ट मात्र निराळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना योग्य ठरवल्या. आवाज न चढवता ‘एवढी ओळ काढून बिल पुन्हा छापा’ असे काउंटरवर सांगावे. वेटरशी वाद घालण्यात अर्थ नाही. बिल त्याच्या हातात नसते.

आणि तो वीस वर्षांचा भाऊ : कर्नाटकात दारू देण्यासाठी वयाची अट 21 आहे. बाउन्सरने दारात अडवले तर चूक त्याची नाही.

अनगोळची वाचक :

तुमची खरी चूक वेळेची झाली. पुण्याच्या हिशेबाने दहाला निघणाऱ्यांना आपल्याकडे दीड तासच मिळतो. आठ वाजता जाऊन बसावे, पोटात काहीतरी घालावे आणि मग नाचायला उठावे. टेबल आधीच राखून ठेवा. ते स्पीकरच्या समोर नको आणि प्रसाधनगृहाच्या वाटेवर तर मुळीच नको, कारण सगळे धक्के तिथेच लागतात आणि बहुतेक भांडणांना तिथूनच तोंड फुटते.

सोबत मुली असतील तर ‘फॅमिली सेक्शन’ आहे का, एवढेच विचारून थांबू नका. तो भाग अनेकदा वरच्या मजल्यावर असतो आणि तिथून नाचाची जागा दिसतही नाही. मला स्वतःला नाचणाऱ्यांपेक्षा मोबाइल धरून अनोळखी मुलींचे चित्रीकरण करणाऱ्यांचा अधिक त्रास होतो. आम्ही एकदा बाउन्सरला बोलावून ते पुसायला लावले होते आणि त्याने ते तत्परतेने केले, हेही सांगायला हवे.

गाण्यांची यादी गर्दी होण्याआधीच चिठ्ठीवर लिहून डीजेकडे द्या. दोन पेगनंतर भाषेवरून वाद काढण्याएवढा वेडेपणा या शहरात दुसरा नाही.

खानापूर रोड :

साडेअकराला दिवे लागल्यावर खरा धोका सुरू होतो, कारण त्या वेळी हमखास कोणीतरी ‘चला गोव्याला’ म्हणतो. जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला असा तो जंगलातला घाटरस्ता आहे. पावसाळ्यात धुक्याने चार हातांवरचे दिसत नाही, आणि शुद्धीत असलेला माणूसही तिथे रात्री जपूनच गाडी चालवतो. शिवाय तिकडून परवान्याशिवाय बाटल्या आणल्या तर त्या सीमेवर पकडल्या जाऊ शकतात, ते वेगळेच.

शहरातल्या शहरातही गाडी नेऊ नका. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पाहुण्यांसाठी बारपासून चालत जाता येईल असा लॉज घ्यावा. तुम्ही टिळकवाडीला परतणार असाल तर रिक्षावाल्याशी भाडे आणि परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा. ‘पुढील महिना’ म्हणजे डिसेंबर असेल तर सुवर्ण विधानसौधमधील कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तारखाही पाहून घ्या. त्या दिवसांत खोल्या मिळणे कठीण होते आणि रस्त्यावर पोलीसही जास्त असतात.

टिळकवाडीकर :

सर्वांचे आभार. आठची वेळ आणि चालत जाण्याजोगा लॉज हे आतेभावाने मान्य केले आहे. ऑर्डर देण्याचे काम मी स्वतःकडे घेतले आहे, कारण आमच्यात मीच सर्वांत कमी पितो. धाकट्या भावासाठी त्याच दिवशी दुपारी घरी मटणाचा बेत करू. रात्री मात्र तो माझ्या आईबरोबर घरीच राहील, आणि हे त्याला सांगण्याची जबाबदारी मी आतेभावावर टाकली आहे.

माजी कॅप्टन :

टेबल राखताना आगाऊ रक्कम मागितली तर पावती घ्या, आणि ती रक्कम शेवटच्या बिलातून वजा होणार की प्रवेशाचे शुल्क म्हणून जाणार, हे त्या पावतीवरच लिहून मागा.