कादंबरीकाराचीच पटकथा, तरीही काहीतरी निसटले: ‘द लास्ट युनिकॉर्न’विषयी

सांजवारा यांचा प्रश्न:

पीटर एस. बीगल यांची ‘द लास्ट युनिकॉर्न’ ही १९६८ सालची कादंबरी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली आणि त्याच आठवड्यात तिच्यावर आधारलेला १९८२ सालचा ॲनिमेशनपटही पाहिला. एखाद्या आवडत्या पुस्तकाचे रूपांतर मनासारखे उतरले नाही की आपण पटकथाकाराला किंवा निर्मात्यांना दोष देऊन मोकळे होतो; येथे ती सोय नाही, कारण पटकथा स्वतः बीगल यांनी लिहिलेली आहे आणि अनेक संवाद कादंबरीतून जवळजवळ जसेच्या तसे आले आहेत. आपल्या जातीचे बाकी सारे कोठे गेले याचा शोध घेण्यासाठी वन सोडून निघणारी युनिकॉर्न (कपाळावर एकच शिंग असलेला कल्पित प्राणी), मॉमी फॉर्चुना या चेटकिणीचा पिंजऱ्यांतल्या प्राण्यांचा खेळ, अर्धवट विद्येचा जादूगार श्मेंड्रिक, हे सारे पाहताना मी भारावून गेलो होतो. परंतु कथा राजा हॅगर्डच्या किल्ल्यात शिरल्यावर चित्रपटाची पकड सैल झाल्यासारखे वाटले. हा दोष गाण्यांचा आहे, दीड तासाच्या मर्यादेचा आहे, की पुस्तक मनात ताजे असताना चित्रपट पाहिल्यामुळे मीच अन्याय करतो आहे? ज्यांनी दोन्ही अनुभवले आहेत, त्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

पानगळ यांचे उत्तर:

आपण अन्याय करत नाही. मात्र जे निसटले आहे ते किल्ल्यात नव्हे, पहिल्याच मिनिटात निसटले आहे, असे माझे मत आहे. या कादंबरीत कथेइतकेच महत्त्व ती सांगणाऱ्या आवाजाला आहे. पहिल्याच परिच्छेदात निवेदक सांगतो की युनिकॉर्न फार वयस्क झाली होती, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. तिचा रंग आता समुद्रफेसासारखा बेफिकीर राहिला नव्हता, तर चांदण्या रात्री पडणाऱ्या बर्फासारखा झाला होता. प्रथम वाचताना ही केवळ सुंदर उपमा वाटते. पुढे कितीतरी पानांनंतर हॅगर्डने सगळ्या युनिकॉर्नना समुद्रात कोंडून ठेवले आहे आणि लाटांवरचा पांढरा फेस म्हणजे त्याच आहेत, हे उघड होते, तेव्हा तो पहिला परिच्छेद आठवून अंगावर काटा येतो. चित्रपटात आपल्याला पांढरी युनिकॉर्न दिसते आणि शेवटी फेसाळ लाटांतून धावत येणारे कळपही दिसतात, परंतु त्या दोहोंना जोडणारा तो एक शब्द उच्चारायला तेथे कोणीच नाही. संवाद उचलून पडद्यावर नेता येतात, निवेदकाचा आवाज तसा नेता येत नाही, मग पटकथा कोणीही लिहिलेली असो.

असे असले तरी एका ठिकाणी चित्रपट पुस्तकाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, असे मी मनापासून म्हणेन, आणि ते म्हणजे मॉली ग्रू आणि युनिकॉर्न यांची पहिली भेट. मॉली ही काही राजकन्या नाही. ती रानात दडून राहणाऱ्या लुटारूंच्या टोळीसोबत आयुष्य घालवलेली, उमेद सरलेली स्त्री आहे. युनिकॉर्नला पाहून ती आनंदत नाही, तर संतापते: वीस वर्षांपूर्वी कोठे होतीस, दहा वर्षांपूर्वी कोठे होतीस, मी कोवळी होते तेव्हा का आली नाहीस, आणि आता, माझी अशी दशा झाल्यावर तोंड दाखवायचे धाडस तुला झालेच कसे? टॅमी ग्राइम्स यांचा किंचित चिरकणारा आवाज, चित्रकारांनी मुद्दाम सुंदर न केलेला तो थकलेला चेहरा, आणि समोर काहीही न उमजलेले ते शुभ्र जनावर! बहुतेक माणसांना ही युनिकॉर्न केवळ पांढरी घोडी दिसते. मॉमी फॉर्चुनाला तर खेळ पाहायला येणाऱ्यांसाठी तिच्या खऱ्या शिंगावर जादूने खोटे शिंग चढवावे लागते. मॉलीला मात्र कोणत्याही मदतीवाचून ती ओळखू येते, आणि म्हणूनच तिचा राग इतका खरा वाटतो. मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटात, हातातून गेलेल्या तारुण्याविषयीचा असा आक्रोश मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

निळी शाई यांचे उत्तर:

गाण्यांना दोष देण्याशी मी सहमत नाही. जिमी वेब यांनी रचलेली आणि ‘अमेरिका’ या वाद्यवृंदाने गायलेली गाणी त्या काळाची खूण अंगावर बाळगून आहेत, हे मान्य. पण मध्ययुगीन विणलेल्या चित्रपडद्यांची आठवण करून देणाऱ्या श्रेयनामावलीवर शीर्षकगीत सुरू होते, तेव्हा पुस्तकातील निवेदकाची जागा काही अंशी तेच भरून काढते. माझी तक्रार केवळ पात्रांच्या तोंडच्या दोन गाण्यांविषयी आहे. युनिकॉर्नला आवाज देणाऱ्या मिया फॅरो आणि राजपुत्र लीरला आवाज देणारे जेफ ब्रिजेस यांनी ती स्वतः गायली आहेत, आणि जे त्या प्रसंगात आधीच दिसत असते, तेच ती पुन्हा शब्दांत सांगत राहतात.

उंबरठा यांचे उत्तर:

सांजवारा यांच्या मूळ शंकेकडे, म्हणजे किल्ल्यातील भाग सैल का वाटतो याकडे, परत येतो. याचे कारण किल्ल्यात नसून किल्ल्याच्या वाटेवर आहे, आणि तो वाटेवरचा भाग चित्रपटातून पूर्णपणे गाळलेला आहे. कादंबरीत तिघे प्रवासी आधी हॅग्सगेट नावाच्या गावात पोहोचतात. गाव सुखवस्तू आहे, पण तेथे एकही मूल नाही, कारण एका चेटकिणीच्या शापानुसार या गावचाच कोणीतरी हॅगर्डचा किल्ला समुद्रात कोसळवील आणि त्याबरोबर गावाची भरभराटही संपेल. म्हणून गावकऱ्यांनी मुले होऊ देणेच थांबवले आहे. तरीही एका हिवाळ्यात बाजारात एक तान्हे मूल सापडते, गावकरी ते बर्फातच सोडून देतात आणि हॅगर्ड ते उचलून नेतो. ते मूल म्हणजेच राजपुत्र लीर. हे ठाऊक असले की लीरच्या प्रत्येक पावलाला वजन येते, कारण ज्याने त्याला वाढवले त्याचाच विनाश त्याच्या जन्मात लिहिलेला असतो. हे ठाऊक नसले की तो फक्त प्रेमात पडलेला एक भला तरुण उरतो, आणि लेडी अमाल्थियाचे, म्हणजे स्त्रीरूपात अडकलेल्या युनिकॉर्नचे, त्याच्याविषयीचे प्रेमही घाईने उरकल्यासारखे वाटते. दीड तासात हॅग्सगेट बसवणे अवघड होते हे मला कळते, परंतु जो खांब काढला त्यावर वरचा मजला उभा होता.

चित्रांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण त्यांचा उल्लेख अजून कोणी फारसा केलेला नाही. दिग्दर्शन आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास यांचे असले, तरी ॲनिमेशन जपानमधील ‘टॉपक्राफ्ट’ या स्टुडिओत झाले. याच स्टुडिओने पुढे १९८४ मध्ये प्रसिद्ध जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘नाउसिका’ या ॲनिमेशनपटाचे काम केले आणि तेथील अनेक मंडळी नंतर ‘स्टुडिओ जिब्ली’त गेली. माणसांच्या हालचालींत काटकसर उघड दिसते, ओठ आणि शब्द यांचा मेळ जागोजागी बसत नाही. पण युनिकॉर्नची आकृती पाहावी: दुभंगलेले खूर, सिंहासारखी टोकाला झुपका असलेली शेपटी, लांब नाजूक मान. तो कपाळावर शिंग चिकटवलेला घोडा नाही. जुन्या युरोपीय चित्रांतला तो वेगळाच प्राणी आहे, आणि पुस्तकही आरंभीच हेच बजावते की ती शिंग असलेल्या घोड्यासारखी मुळीच दिसत नव्हती.

दिवेलागण यांचे उत्तर:

मी हा चित्रपट माझ्या आठ वर्षांच्या भाचीसोबत पाहिला, त्यामुळे माझे मत थोडे वेगळ्या जागेवरून आले आहे. हार्पी, म्हणजे अर्धी स्त्री आणि अर्धा पक्षी असलेला पुराणकथांतला क्रूर प्राणी, पिंजऱ्यातून सुटते आणि मॉमी फॉर्चुना पळून न जाता हात पसरून तिच्या समोर उभी राहते, तो प्रसंग तिला भयंकर वाटेल, या भीतीने मी रिमोट हातात धरून बसले होते. ती शांत राहिली. तिला रडू कोसळले ते मात्र अमाल्थिया प्रथम शुद्धीवर येते तेव्हा. लांब पांढऱ्या केसांत गुरफटलेली ती मुलगी स्वतःच्या हातांकडे पाहते आणि हे शरीर आपल्याभोवती मरत चालल्याचे आपल्याला जाणवते, असे म्हणते. भाचीने मला विचारले, “आपल्यालाही तसे जाणवते का?” मला पटकन उत्तर देता आले नाही. निवेदकाचा आवाज हरवला हे पानगळ यांचे निरीक्षण अचूक आहे, पण ज्या मुलीने पुस्तक उघडलेलेही नाही, तिच्यापर्यंत त्याचा गाभा पोहोचला, याची नोंद मला येथे करावीशी वाटते. लहान मुलांना तो दाखवताना मोठ्यांनी सोबत बसावे, इतकेच माझे सांगणे आहे.

सांजवारा:

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा यांचे उत्तर वाचल्यावर मी हॅग्सगेटची प्रकरणे पुन्हा काढून वाचली आणि काल रात्री किल्ल्याचा भाग नव्याने पाहिला. लीरविषयीचे माझे मत बदललेले नाही, त्याच्यावर अन्यायच झालेला आहे. पण हॅगर्डकडे मी पहिल्या वेळी पुरेसे लक्ष दिले नव्हते, हे कबूल करायला हवे. क्रिस्टोफर ली यांनी त्याला आवाज दिला आहे. ध्वनिमुद्रणाला येताना ते कादंबरीची स्वतःची प्रत घेऊन आले होते आणि कोणत्याही परिस्थितीत गाळता कामा नयेत अशा जागांवर त्यांनी खुणा केल्या होत्या, अशी आठवण बीगल यांनी सांगितली आहे. ते प्रेम त्या आवाजात ऐकू येते. पहिल्या भेटीत हॅगर्ड अमाल्थियाच्या डोळ्यांत वाकून पाहतो आणि विचारतो की, तुझ्या डोळ्यांत मी मला का दिसत नाही. त्याला कशानेच सुख लाभत नाही, केवळ युनिकॉर्न पाहिल्या की त्याचे मन उजळते, आणि म्हणून त्याने जगातल्या सगळ्या युनिकॉर्न स्वतःसाठी कोंडल्या आहेत. कड्यावरच्या मनोऱ्यातून तो तिला खालचा समुद्र दाखवतो, तेव्हा ली यांचा आवाज चढत नाही, उलट जवळजवळ हळवा होतो, आणि तिकडे अमाल्थियाला लाटांत काहीच ओळखू येत नाही, कारण तोवर ती पुरती माणूस होत आलेली असते. हा प्रसंग मी तीन वेळा मागे नेऊन पाहिला. तिसऱ्या वेळी मी तिच्याकडे न पाहता फक्त मागच्या फेसाकडे पाहत होतो.