बंदूक बाळगून फिरायचा परवाना कुणाला द्यायचा हे शेरीफच्या (म्हणजे निवडून आलेल्या जिल्हा पोलीस प्रमुखाच्या) मर्जीवर नको. कोर्टाने केलं ते बरोबरच!

सायली_सनीव्हेल
अठरा वर्षं कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत (आपल्याकडचा जिल्हाच म्हणा) राहते आहे. घरात बंदूक नाही आणि कधी येणारही नाही. तरी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा ‘ब्रुअन’ खटल्यातला निकाल मला मनापासून पटतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल कपड्यांखाली लपवून बाहेर न्यायचं तर ‘रास्त कारण’ दाखवावं लागे, आणि कारण रास्त आहे की नाही हे अधिकारीच ठरवत. २३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही अट रद्द केली. कॅलिफोर्नियात असाच अधिकार शेरीफ आणि शहरांच्या पोलीस प्रमुखांना होता. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने त्यांना कळवलं, की ही अट यापुढे लावता येणार नाही.

आमच्या काउंटीत त्या अधिकाराचं काय झालं होतं? शेरीफ लॉरी स्मिथ १९९८ पासून निवडून येत होत्या. परवाने देताना ओळखीच्यांना आणि निवडणुकीला देणगी देणाऱ्यांना झुकतं माप दिल्याचे आरोप त्यांच्यावर झाले. ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्यांनी पद सोडलं आणि तीनच दिवसांनी ज्युरीने त्यांना सहाही आरोपांत दोषी ठरवलं. मोठ्या कंपनीत बसलेल्यांना परवाना आणि रात्री एकट्याने गल्ला मोजणाऱ्याला नकार, हा न्याय नव्हे. नियम काय हवे तेवढे कडक करा, पण ते सगळ्यांना सारखे असू देत.

निवृत्त_फौजदार
मी महाराष्ट्र पोलिसांत नोकरी केली. मुलगी फ्रीमाँटला असते, त्यामुळे येणंजाणं आहे. ताई, तुमचा राग समजतो. पण एका शेरीफने अधिकार विकला म्हणून अधिकारच काढून घ्यायचा का?

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात अर्ज आला की पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवतात. असे अहवाल मी लिहिलेत. कागदावर माणूस स्वच्छ असतो, एकही गुन्हा नोंद नसतो. पण बीटवरच्या हवालदाराला ठाऊक असतं, की हा दारू प्यायला की भावकीच्या अंगावर धावून जातो. ही माहिती कुठल्याच रकान्यात बसत नाही. ब्रुअननंतर अमेरिकेतल्या पोलिसाने ती कुठे लिहायची?

मिलिंद_कूपरटिनो
काका, आदर राखून सांगतो, तो हवालदार सगळीकडे प्रामाणिक असतो असं गृहीत धरलं तरच तुमचं म्हणणं टिकतं.

आणि गरज खरी आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात याच काउंटीत साडीतल्या, आपल्या पद्धतीचे दागिने घातलेल्या किमान १४ बायकांना रस्त्यात गाठून त्यांच्या गळ्यातलं ओरबाडून नेलं. जून २०२४ मध्ये सनीव्हेलच्या पीएनजीत, म्हणजे पु. ना. गाडगीळांच्या सराफी दुकानात, वीसेक जण हातोडे घेऊन घुसले. लक्ष्मी रोडवरून खरेदी करत मोठे झालेले आपण, त्या दुकानाचा व्हिडिओ बघून किती जणांची झोप उडाली! दुकानदाराने परवाना मागितला, तर ‘तुमची भीती पुरेशी खरी नाही’ असं त्याला कुणी सांगायचं?

वैदेही_क
मिलिंद, तो व्हिडिओ मीही पाहिला. वीस जणांपुढे एका माणसाने पिस्तूल काढलं असतं तर काय झालं असतं? आज काचा फुटल्या, उद्या काउंटरमागची पोरगी गेली असती. तुमच्या उदाहरणाने मला उलटंच पटतं.

मिलिंद_कूपरटिनो
दुकानापुरतं मान्य करतो. तिथे गोळीबार झाला असता तर फार वाईट झालं असतं. पण कोर्टापुढचा प्रश्न ‘पिस्तुलाने दर वेळी जीव वाचतो का’ हा नव्हताच. हक्क वापरायला अधिकाऱ्यापुढे विशेष गरज सिद्ध करावी लागावी का, हा होता.

अट गेली म्हणून मर्जी गेली असंही नाही, ती आता विलंबात लपते. लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यात अर्ज दीड-दीड वर्ष पडून राहत. कायद्यातली मुदत मात्र काही महिन्यांचीच. ऑगस्ट २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी यावरून खात्याला फटकारलं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने खटला भरला. सव्वा वर्षात ३,९८२ नव्या अर्जांपैकी फक्त दोन मंजूर झाले, असा त्यांचा आरोप आहे. ब्रुअनच्याच निकालात एका तळटीपेत लिहिलंय, की फार लांबण किंवा भरमसाट फी लावून हक्क मारला तर तेही कोर्टात आव्हान देण्याजोगं आहे.

सायली_सनीव्हेल
फौजदार काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. १ जानेवारी २०२४ पासून राज्यात नवा कायदा आहे. वय किमान २१, प्रशिक्षण १६ तासांचं, आणि पोलिसांनी किमान तीन ओळखीच्या माणसांशी बोलायचं. अर्जदाराबरोबर कुणी राहत असेल तर त्यात घरातलं माणूस हवंच. म्हणजे बीटवरच्या हवालदाराला जे ठाऊक असतं ते विचारायची सोय आहे. शिवाय घरच्यांना किंवा पोलिसांना धोका वाटला, तर कोर्टातून बंदूक काढून घेण्याचा आदेश मागता येतो. पोलिसांचं काम गेलं नाही, फक्त नकाराचं कारण आता लेखी, कायद्यात बसणारं लागतं.

वैदेही_क
सायली, इथेच माझं अडतं. मी काही वर्षं घरगुती हिंसाचाराच्या हेल्पलाइनवर मराठी-हिंदी फोन घेतलेत. डिपेंडंट व्हिसावर आलेली मुलगी, स्वतःचं बँक खाते नाही, गाडी चालवता येत नाही. पोलीस कधी बोलावले नाहीत, कारण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाला धोका होईल अशी भीती. त्यामुळे कोर्टाचा संरक्षण आदेश नाही, नोंद नाही. २०२४ च्या रहिमी निकालात सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की धोकादायक ठरवून ज्याच्यावर असा संरक्षण आदेश आहे त्याची बंदूक काढता येते. चांगलंच झालं. पण तो आदेश आधी कुणीतरी मागायला हवा.

उद्या हाच नवरा परवान्यासाठी अर्ज करेल. पोलीस तिला फोन करून विचारतील, ‘तुमचे मिस्टर कसे आहेत?’ तो शेजारच्या खोलीत बसलेला असेल. ती काय सांगेल असं तुम्हाला वाटतं?