पंचावन्नीनंतर कठीण रन सात दिवसांच्याच हिशेबात का बसवायचा?

लांबपल्ला

मॅरेथॉनचे बहुतेक प्लॅन सात दिवसांच्या चक्राचे असतात. आठवड्याच्या मध्यावर इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात धावण्याचे टप्पे) किंवा टेम्पो (सलग वेगात धावणं), रविवारी लाँग रन. तिशीत हे सोसतं. पंचावन्नीनंतर मात्र हाच साचा पायांवर लादणं मला चुकीचं वाटतं.

फसवणूक होते ती दमामुळे. कठीण रननंतर नीट खाल्लं-प्यालं तर स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधनाचा, साठा दीड-दोन दिवसांत भरतो. श्वास तर त्याआधीच ताळ्यावर आलेला असतो, म्हणून वाटतं की आपण तयार आहोत. स्नायूंची झीज भरून यायला मात्र वेळ लागतो, आणि वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायूंची बांधणी कमी होते. टाचेमागच्या अकिलीससारख्या टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) मुळात रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे तो सगळ्यांत मागे राहतो. धावताना तो काही बोलत नाही. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं ताठरतात तेव्हा कळतं.

म्हणून मी दहा दिवसांचं चक्र धरतो: एक लाँग रन, एक टेम्पो, दोन्हींच्या मध्ये निदान तीन दिवस हलकं धावणं किंवा चालणं. तुमचं मत काय?

चढण

अजिबात पटलं नाही. जोर लावायचे दिवस कमी केलेत तर वेग जाईल, आणि या वयात गेलेला वेग परत आणणं फार अवघड असतं. बैठं आयुष्य असलेल्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण १० टक्क्यांनी घटते. जोरकस सराव टिकवणाऱ्यांत ही घट बरीच कमी दिसते. जपानच्या मारिको युगेटा यांनी २०२१ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, २ तास ५२ मिनिटं १३ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली.

दिवस वाढवण्याऐवजी मात्रा कमी करा. १००० मीटरचे सहा इंटरव्हल जड जात असतील तर चार करा. किंवा तेच चढावर करा, तिथे आदळआपट कमी होते. उतारावरचं जोरात धावणं मात्र टाळा. मांडीचे पुढचे स्नायू सगळ्यांत जास्त त्यानेच ठणकतात.

लांबपल्ला

चढण, मग कॅनडाचे धावपटू एड व्हिटलॉक यांचं काय? २००४ मध्ये ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास संथ धावणं. जोर लावायचा तो शर्यतींत.

सायंप्रकाश

तुम्ही दोघंही अपवाद पुढे करताय. त्यांचे पाय आपल्याला मिळालेले नाहीत.

मला प्रश्न वेगळाच दिसतो. आपल्यातल्या बहुतेकांचा इझी रन इझी नसतोच. घड्याळातले हृदयाच्या ठोक्यांचे झोन (हलकं, मध्यम, जोरकस असे टप्पे) अनेकदा २२० वजा वय या सूत्रावर बेतलेले असतात. साठीच्या माणसाला ते कमाल १६० ठोके दाखवतं. २०८ वजा वयाच्या ०.७ पट, हे दुसरं सूत्र १६६ सांगतं. प्रत्यक्षात एखाद्याची कमाल १५० असते, एखाद्याची १७५. ज्याची १५० आहे तो घड्याळावर विसंबला, तर हलक्या दिवशीही ओढाताण करत राहतो आणि पुढच्या कठीण रनला थकलेलाच पोचतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर ठोक्यांचे हे आकडे विसरायचेच. पूर्ण वाक्यं न धापता बोलता आली पाहिजेत, हीच खूण खरी.

आणि बायकांबद्दल इथे कुणीच बोललेलं नाही. पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता घटते, रात्री घामाने जाग येते. ज्या रात्री झोपच झालेली नाही, तिच्या दुसऱ्या दिवशी प्लॅनमध्ये काय लिहिलंय याला माझ्या लेखी अर्थ नाही. सात दिवस धरा नाहीतर दहा, मी सकाळची नाडी आणि झोप बघून ठरवते.

पहाटपाय

मी लाँग रनच्या आधी एक पेनकिलर घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतो. काही त्रास नाही.

सायंप्रकाश

पहाटपाय, कृपा करून हे थांबवा. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. आणि जी वेदना थांबायला सांगते, तीच तुम्ही दाबताय. तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

सोबती

मी पन्नाशीपुढच्यांचा ग्रुप चालवतो. दहा दिवसांचं चक्र कागदावर छान दिसतं, पण मग रविवार हातातून निसटतो. एकट्याने पहाटे उठणं लोकांना जमत नाही. ती भेट तुटली की महिन्या-दोन महिन्यांत धावणंच सुटतं. जास्त रिकव्हरी मिळाली पण माणूस घरी बसला, तर उपयोग काय?

लांबपल्ला

सोबती, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मग चौदा दिवसांचं चक्र घ्या. ग्रुप दर रविवारी भेटेलच, पण खरा लाँग रन एक रविवार सोडून. मधल्या रविवारी तासाभराचं गप्पांचं धावणं. त्या चौदा दिवसांत एक टेम्पो आणि एक छोटं इंटरव्हल सत्र, म्हणजे एकूण तीनच कठीण दिवस.

चढण

तीन मला कमीच वाटतात, मी चारवर ठाम आहे. पण तीनच ठेवणार असाल तर आठवड्यातून दोनदा वजनं उचला, आणि दिवसभराची प्रथिनं रात्रीच्या जेवणावर न ढकलता प्रत्येक जेवणात घ्या. वजनं उचलल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात बसू नका. स्नायूंची वाढ त्याने मंदावते.

सोबती

या रविवारी ग्रुपपुढे चौदा दिवसांचं चक्र मांडतो. मधल्या रविवारी पुढे पळणाऱ्यांना आवरायचं कसं, ते मात्र कुणीतरी सांगा.