आवाज तिचा, गाणं दुसऱ्यांचं

अमेरिकन गायिका रॉबिन एसचं 'शो मी लव्ह' हे गाणं नशिबाने चाललं आणि मग ती संपली, हे मत मला अर्धंच पटतं. गाणं १९९० मध्येच निघालं होतं, तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे स्वीडनचा डीजे-निर्माता स्टोनब्रिज याने रीमिक्स करताना कॉर्ग एम१ कीबोर्डमधला तयार ऑर्गनचा आवाज बेससाठी वापरला आणि १९९३ मध्ये तेच गाणं अमेरिकेत पाचव्या, ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकावर गेलं. तो ऑर्गन आज हाउस संगीताची, म्हणजे क्लबमध्ये नाचायला वाजणाऱ्या संगीताची, खूणच झाला आहे. पण त्यावर तिचा तो भरदार, चर्चमधल्या गाण्याची आठवण करून देणारा आवाज नसता तर नुसत्या ऑर्गनसाठी कोण थांबलं असतं? शिवाय त्याच वर्षी तिचं 'लव्ह फॉर लव्ह' ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, ते सगळे विसरतात.

राहिला मुद्दा पैशांचा. 'शो मी लव्ह' तिने लिहिलेलं नाही, ते ॲलन जॉर्ज आणि फ्रेड मॅकफार्लेन यांचं, आणि गीतकाराचे पैसेही त्यांनाच जातात. म्हणून २०२२ मध्ये याच गाण्याची छाप असलेल्या बियॉन्सेच्या 'ब्रेक माय सोल'च्या श्रेयनामावलीत गीतकार म्हणून त्या दोघांची नावं आली, तिचं नाही. नृत्यसंगीतातल्या गायिकांचं हे दुखणं जुनंच आहे, आणि मला ते फार लागतं.