मदत हवी आहे: जावा १७, फायनलाइजवर सोडलेली कॅमेरा हँडल साचून राहतात

काटा_नागपूर

कळमना भागातल्या एका धर्मकाट्यावर जावा १७ चा प्रोग्राम चालतो. मशीन लिनक्सचं, प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चोवीस तास चालू. ट्रक काट्यावर चढला की समोरच्या आणि मागच्या कॅमेऱ्याचा एकेक फोटो घ्यायचा, वजन घ्यायचं, पावती छापायची. कॅमेऱ्याची लायब्ररी सी मधली आहे. ती दर फोटोला एक हँडल (ते काम ओळखायचा नंबर) देते आणि त्यामागे एक सॉकेट नि दोनेक एमबीचा बफर असतो. जावाच्या बाजूला ते हँडल म्हणजे नुसता एक लाँग आकडा. क्लासमध्ये फायनलाइज मेथड आहे (ऑब्जेक्ट टाकून देण्याआधी जावा स्वतःच बोलावतो ती), तीच हँडल बंद करते.

दिवसाला १८० ते २०० वजनं होतात. हीप (जावाच्या ऑब्जेक्टची मेमरी) ५१२ एमबी होता तोवर काही तक्रार नव्हती. तो ४ जीबी केल्यापासून दर तिसऱ्या दिवशी 'टू मेनी ओपन फाइल्स' येतं आणि फोटो थांबतात. त्या वेळी हीप दहा टक्केसुद्धा भरलेला नसतो. शिवाय दोनदा अख्खा जेव्हीएमच (जावा चालवणारा प्रोग्राम) कोसळला. त्याच्या क्रॅश लॉगमध्ये सिगसेग्व (चुकीच्या मेमरीला हात लागल्याची खूण) आणि कॅमेरा लायब्ररीची फ्रेम दिसते. शेलमध्ये यू-लिमिट (उघड्या फाइलींची मर्यादा) पाहिलं तर आकडा भरपूर मोठा आहे. मग फाइली संपतात काहून? आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का?

झिरो_माईल

शेलमधला आकडा शेलचा आहे भाऊ, सर्व्हिसचा नाही. प्रॉक या लिनक्सच्या फोल्डरात त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबरच्या) फोल्डरात लिमिट्स नावाची फाइल असते, ती वाचा. त्यातही हार्डचा रकाना पाहा, कारण हॉटस्पॉट, म्हणजे नेहमीचा जेव्हीएम, लिनक्सवर सुरू होतानाच सॉफ्ट (लागू असलेली) मर्यादा हार्डपर्यंत (कमाल) चढवून घेतो. सर्व्हिस फाइलमध्ये फाइलींची मर्यादा १०२४ अशी एकच लिहिली असेल तर सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही १०२४.

तसं असेल तर हिशोब सरळ आहे. जेव्हीएमची स्वतःची जार, लॉग, डेटाबेस मिळून ६०-६५ डिस्क्रिप्टर (एफडी, म्हणजे उघड्या फाइलीचा किंवा सॉकेटचा नंबर). उरले ९६०. एका वजनाला दोन जातात, म्हणजे ४८० वजनं. रोजची १९० धरली तर तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी थांबणार.

हीप वाढवल्यावर आजार बळावला याचं कारण: जीसी (नको असलेली ऑब्जेक्ट काढणारा गार्बेज कलेक्टर) धावतो तो हीप भरला म्हणून. सॉकेट किती उरले, सी च्या बाजूला किती बफर साचले, हे त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी तुमचं कॅमेरा ऑब्जेक्ट काही बाइटचं. ५१२ एमबीत जीसी वारंवार यायचा आणि जाता जाता हँडलही बंद व्हायची. आठपट जागा दिली, त्यानं येणं कमी केलं. म्हणजे आधीही कोड बरोबर नव्हता, तंगीमुळे निभावत होतं.

खात्री करायला: प्रॉकमध्ये त्याच पीआयडीखाली एफडी फोल्डर आहे, त्यातल्या नोंदी मोजा. मग जेसीएमडी या जावाच्या टूलला पीआयडी आणि 'जीसी.रन' द्या, दहा सेकंद थांबा, पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर हँडल फायनलायझरच्या (फायनलाइज चालवणाऱ्या थ्रेडच्या) भरवशावर अडकलेली आहेत. जागचा हलला नाही तर एक तर कुठल्या तरी लिस्टनं किंवा मॅपनं ऑब्जेक्ट धरून ठेवलंय, नाही तर फायनलायझर थ्रेडच कुठे तरी अडकलाय. डिसेबल-एक्सप्लिसिट-जीसीचा पर्याय चालू असेल तर ही चाचणी होणार नाही, तो आधी काढा.

बर्डीवाला

सोपा उपाय: दर दहा मिनिटांनी टायमर लावून सिस्टिम.जीसी. चालून जातं.

धरमपेठी

चालून जातं, बंद पडेपर्यंत. सिस्टिम.जीसी साधारणपणे पूर्ण हीपचं कलेक्शन करतो, म्हणजे ट्रक काट्यावर उभा असताना प्रोग्राम थांबू शकतो. आणि जीसी झाला म्हणजे हँडल बंद झालं असंही नाही. जीसी फक्त मेलेली ऑब्जेक्ट ओळखून रांगेत टाकतो. फायनलाइज चालवतो तो वेगळा थ्रेड, तोही एकच. एका ऑब्जेक्टच्या फायनलाइजनं वेळ लावला की मागची सगळी खोळंबतात. ऑब्जेक्टची स्वतःची मेमरी तर त्यानंतरच्या एखाद्या कलेक्शनमध्ये सुटते.

काटा भाऊ, एक विचारते. लायब्ररीतली फोटो घेणारी नेटिव्ह (सी मधली) मेथड स्टॅटिक आहे का? म्हणजे तिला ऑब्जेक्ट जातं की नुसता हँडलचा आकडा?

काटा_नागपूर

मर्यादा खरंच १०२४ निघाली. एफडी ८११ होत्या, जीसी.रन नंतर ६३. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तीच चाचणी केली तर ६४० वरून ५९० वरच अडून राहिल्या. ताई, नेटिव्ह मेथड स्टॅटिकच आहे, फक्त लाँग जातो.

धरमपेठी

५९० वर अडलं तेव्हाचा थ्रेड डंप (कुठला थ्रेड कुठे उभा आहे त्याची यादी) घ्या, जेस्टॅक पुरे. 'फायनलायझर' नावाचा थ्रेड शोधा. तो कॅमेऱ्याच्या क्लोजमध्ये उभा असेल तर एक कॅमेरा उत्तर देत नाही आणि लायब्ररी त्याची वाट पाहून राहिली आहे. मे महिन्यात दुपारी उघड्यावरच्या डब्यातला स्विच तापून लटकणं नागपुरात काही नवलाचं नाही. जेसीएमडीचं 'जीसी.फायनलायझर_इन्फो' रांगेत कुठल्या क्लासची किती ऑब्जेक्ट आहेत ते सांगतं.

आता क्रॅश. स्टॅटिक आहे म्हणालात तिथेच उत्तर आहे. फोटो घेणारी मेथड हँडल फील्ड वाचते, आकडा सी कडे देते आणि फोटो येईपर्यंत थांबते. त्या थांबण्याच्या काळात जावाला 'धिस' (म्हणजे ते कॅमेरा ऑब्जेक्ट) पुन्हा लागत नाही. मेथड बऱ्याच वेळा चालून जेआयटीनं (प्रोग्राम चालू असतानाच कंपाइल करणाऱ्या भागानं) कंपाइल केली की ऑप्टिमाइझरच्या दृष्टीनं ते ऑब्जेक्ट तिथेच संपलं, मेथड चालू असली तरी. नेमका त्याच क्षणी जीसी आला तर ऑब्जेक्ट रांगेत जातं, फायनलायझर हँडल बंद करतो, आणि सी चा कोड मोकळ्या केलेल्या बफरमध्ये लिहीत बसतो. म्हणून सिगसेग्व. टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, कारण चार फोटोंसाठी जेआयटी जागा होत नाही.

नेटिव्ह मेथड इन्स्टन्सची असती तर जेएनआयनं (जावा आणि सी मधला पूल) कॉल संपेपर्यंत 'धिस' धरून ठेवला असता. स्टॅटिकला ती सोय नाही. त्यासाठी जावा ९ पासून रेफरन्स क्लासमध्ये रीचेबिलिटी-फेन्स आहे: नेटिव्ह कॉल ट्रायमध्ये, आणि फायनलीमध्ये 'धिस' देऊन फेन्स. फेन्स स्वतः काहीच करत नाही, त्या ओळीपर्यंत ऑब्जेक्ट जिवंत धरायला लावतो एवढंच. हँडल वापरणाऱ्या प्रत्येक मेथडमध्ये हवा, एक सुटली तरी भोक राहिलं.

झिरो_माईल

आणि फायनलाइज काढूनच टाका. जावा ९ मध्ये, २०१७ साली ते डेप्रिकेट झालं (वापरू नका असं ठरलं). जावा १८ मध्ये, २०२२ साली 'पुढे काढून टाकणार' अशी खूण लागली. रचना अशी ठेवा:

कॅमेरा क्लास ऑटोक्लोजेबल करा आणि प्रत्येक वापर ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये घ्या (ब्लॉक संपला की क्लोज आपोआप होतं). हाच खरा उपाय, बाकी सगळी जाळी खाली पसरलेली. जाळीसाठी क्लीनर (ऑब्जेक्ट मेलं की ठरलेली सफाई चालवणारा जावाचा क्लास), अख्ख्या प्रोग्रामला एकच, स्टॅटिक. दर क्लीनर स्वतःचा थ्रेड उघडतो, म्हणून ऑब्जेक्टमागे एक करू नका. कन्स्ट्रक्टरमध्ये हँडल उघडलं की लगेच क्लीनरकडे नोंद. नोंदीतून जे क्लीनेबल मिळतं ते फील्डमध्ये ठेवा आणि क्लोजमध्ये त्याचंच क्लीन बोलवा. क्लीन कितीही वेळा बोलावलं तरी सफाई एकदाच होते, त्यामुळे दोनदा बंद व्हायची भीती नाही.

एक थ्रेड फोटो घेत असताना दुसऱ्यानं क्लोज केलं तर मात्र क्लीनर काय आणि फेन्स काय, काही वाचवत नाही. तिथे साधं लॉकच लागतं.

काटा_नागपूर

जेस्टॅकमध्ये तसंच दिसलं, मागच्या कॅमेऱ्याच्या क्लोजमध्ये अडकला होता. क्लोजला २ सेकंदांचा टाइमआउट लावला.

फायनलाइज काढून क्लीनर लावला. नोंद करताना लॅम्डा (छोटं निनावी फंक्शन) दिली: कंस, बाण, बंद कर, हँडल. आता तर जीसी.रन दिलं तरी एफडी एकानंही कमी होत नाहीत! आधी निदान उशिरा तरी व्हायच्या.

धरमपेठी

लॅम्डात जे 'हँडल' लिहिलंत ते फील्ड आहे. फील्ड वाचायला लॅम्डा अख्खा 'धिस' पकडून ठेवते. क्लीनरनं लॅम्डा धरली, लॅम्डानं कॅमेरा धरला, मग कॅमेरा मरणार कसा? निनावी क्लास किंवा स्टॅटिक नसलेला आतला क्लास वापरला तरी हीच गत. कंपाइलर चूं करत नाही.

आतला क्लास स्टॅटिक करा, रनेबल इम्प्लिमेंट करा, त्यात फक्त लाँग हँडल ठेवा. कॅमेऱ्याकडे जाणारा एकही रेफरन्स नको, लॉगरला देण्यासाठीसुद्धा नको; कॅमेऱ्याचं नाव हवं असेल तर स्ट्रिंग करून द्या. लोकल व्हेरिएबलमध्ये आकडा घेऊन लॅम्डा दिली तरी चालतं, पण सहा महिन्यांनी कोणी तरी त्यात एक फील्ड घुसडतं आणि पुन्हा हेच.

त्याच स्टॅटिक क्लासमध्ये 'नीट बंद केलं' असा एक व्होलाटाइल बूलियन ठेवा. क्लोज तो आधी खरा करतो, मग क्लीन बोलावतो. सफाईच्या वेळी तो खोटा असेल तर हँडल बंद करा आणि लॉगमध्ये बोंब मारा. शोधायच्या दिवसांत कन्स्ट्रक्टरमध्ये एक थ्रोएबल बनवून त्यातच ठेवा, म्हणजे हँडल कुठल्या ओळीत उघडलं तेही छापून येईल. स्टॅक भरायला वेळ लागतो, काम झालं की काढा.

बर्डीवाला

आमचा शेजारचा प्रोग्राम सी-शार्पमध्ये आहे, तिकडेही असंच का?

झिरो_माईल

तत्त्व तेच. तिथे स्वतः फायनलायझर लिहू नका, हँडल सेफहँडलच्या सबक्लासमध्ये ठेवा. पी-इन्व्होकला (सी चं फंक्शन बोलावण्याची सोय) सेफहँडल दिलं की कॉल चालू असेपर्यंत ते धरून ठेवलं जातं, वर सांगितलेली क्रॅशची भानगड आपोआप मिटते. एक मात्र लक्षात ठेवा: जावात फायनलाइजमधून निसटलेलं एक्सेप्शन गुपचूप गिळलं जातं, डॉटनेटमध्ये त्यानं अख्खी प्रोसेस पडते.

काटा_नागपूर

स्टॅटिक क्लास केला. आज १७२ वजनं झाली, एफडी दिवसभर ६२ ते ६६. लॉगमध्ये बोंब तीन वेळा आली, तिन्ही वेळा एकच ओळ: पावती पुन्हा छापायच्या कोडमध्ये. तिथे ट्राय-विथ-रिसोर्सेस नव्हतं आणि वजन शून्य आलं की मधूनच रिटर्न व्हायचं.

अजून एक. पावतीची नोंद डिस्कवर पक्की करायचं कामही एका फायनलाइजमध्ये आहे. तेही क्लीनरमध्ये हलवू का?

धरमपेठी

नाही, ते मुळीच नको. क्लीनरचा थ्रेड डीमन असतो (प्रोग्राम त्याच्यासाठी थांबत नाही), प्रोग्राम बंद होताना उरलेली सफाई चालेलच असं नाही. सॉकेटचं ठीक आहे, प्रोसेस गेली की ते ऑपरेटिंग सिस्टिम बंद करते. अर्धवट लिहिलेली पावती कोणी पूर्ण करत नाही. शटडाउन हुकही साध्या किलला चालतो; किल ९ ला किंवा लाइट गेली तर नाही. नोंद तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, फाइलचॅनलचा फोर्स करा, मग त्याच फोल्डरात ॲटॉमिक मूव्हनं नाव बदला. हे सगळं पावती प्रिंटरकडे जायच्या आधी.

झिरो_माईल

मर्यादा १०२४ च राहू द्या, लाखावर नेऊ नका. पुन्हा गळती झाली तर तिसऱ्या दिवशी कळेल, नाही तर वर्षभरानं. पुढे जावा २१ वर गेलात की टेस्ट मशीनवर फायनलायझेशन डिसेबल्ड हा पर्याय देऊन एक दिवस चालवा. तुमचा कोड स्वच्छ असेल आणि तरी एफडी चढल्या, तर कॅमेरा कंपनीच्या जारमध्ये कुठे तरी फायनलाइज दडलेलं आहे.