साउथ टिरोल: भांडण मिटलं की नुसतं कप्प्यांत भरलं?

आडवाट: उत्तर इटलीतल्या साउथ टिरोल प्रांतात, ओर्तिझेईच्या बसथांब्यावर एकाच गावाची तीन नावं वाचली. ओर्तिझेई इटालियन, सांक्ट उलरिख जर्मन, उर्तिजेई लादिन, म्हणजे तिथल्या डोंगरदऱ्यांतली छोटी भाषा. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा हा मुलूख इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद, मग पोरं चोरून कुणाच्या तरी घरात शिकायची. १९६१ साली इटलीच्या राजवटीविरुद्ध एका रात्रीत विजेचे खांब उडवले गेले. १९७२ ला भरघोस स्वायत्तता मिळाली, १९९२ ला ऑस्ट्रियानेही वाद संपल्याचं मान्य केलं. कराचा बहुतेक पैसा तिथेच राहतो. भाषेच्या भांडणावर याहून शहाणा तोडगा मी पाहिला नाही.

नानबा: शहाणा? तिथे माणसाला आपण जर्मन, इटालियन की लादिन ते जाहीर करावं लागतं आणि सरकारी नोकऱ्या त्या प्रमाणात वाटतात. आई इटालियन, बाप जर्मन, तर पोराने कुठल्या रकान्यात बसायचं? शाळाही वेगवेगळ्या. माझ्या ऑफिसातली तिथल्या बोल्झानो शहरातली मुलगी शाळाभर जर्मन शिकली, पण बेकरीतली बाई टिरोली, म्हणजे तिथल्या जर्मन बोलीत सुरू झाली की हिची बोबडी वळते!

आडवाट: नानबा, रकाने हौसेने नाही आखले. पोस्ट, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे इटालियनच भरलेले होते आणि जर्मन बोलणारे दाराबाहेर. ज्यांची शाळा एकदा बंद पाडली, ते तिचा हट्ट सोडतील कसे?

नानबा: हट्ट समजतो हो, पण स्वायत्तता मिळून पन्नास वर्षं झाली. आता जर्मन बोलणारे सत्तर टक्क्यांच्या आसपास आहेत, भीती कुणाची? तुमच्या त्या थांब्यावरच्या लादिन लोकांचं बघा. जेमतेम साडेचार टक्के. त्यांच्या शाळेत निम्मे विषय जर्मनमधून, निम्मे इटालियनमधून. त्यांना जमतं, बाकीच्यांना काय धाड भरलीय?

चकली_भाजणी: मधेच तोंड घालते. त्यांना जमतं कारण गत्यंतर नाही! दोन्ही भाषा आल्याशिवाय पोट भरत नाही. आणि त्या शाळेत लादिन किती, तर आठवड्याला मोजके तास. नानबा, हा नमुना सत्तर टक्केवाल्यांना दाखवलात तर ते आणखी घाबरतील.

नानबा: हं. हे तास माहीत नव्हते. रकान्यांबद्दलचं मत मात्र बदलत नाही.