मदत हवी आहे : क्रूझर दिसायला आवडते, पण रोज चालवायला?

मंडळी, बारा वर्षं साधी १५० सीसी बाइक चालवतोय. आता क्रूझर (बुटकी, लांब, पाय पुढे ठेवून बसायची बाइक) घ्यायचं मनात आहे, पण डोकं आणि डोळे यांचं जमत नाहीये.

रॉयल एनफिल्डची सुपर मिटिओर ६५० बघितली की पाय हलत नाहीत. थेंबासारखी टाकी, सीट फक्त ७४० मिमी उंच, ६४८ सीसीचं पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरचं) इंजिन. पण वजन २४१ किलो! गाडी चालू असताना जाणवत नाही म्हणतात. पार्किंगमधून मागे ढकलताना काय? माझी उंची पाच फूट पाच इंच आहे, म्हणून विचारतोय.

दुसरी शंका पायांची. फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे असले की खड्ड्यात आपण पायांवर उभं राहून धक्का झेलू शकत नाही, तो थेट कमरेत जातो. त्यात सुपर मिटिओरच्या मागच्या सस्पेन्शनला ट्रॅव्हल (दबायला जागा) जेमतेम १०१ मिमी. टेस्ट राइड वीस मिनिटांची होती, तेवढ्यात कंबर काय बोलणार! सलग चार-पाच तास चालवणाऱ्यांनी खरं सांगा. सीट बदलून फरक पडतो का?

होंडाची रिबेल ५०० हलकी आहे, पण तिचं ते आखूड शेपूट मला काही पटत नाही. (बायकोला तीच आवडली, हे वेगळं.) कावासाकीची व्हल्कन एस कुणी वापरलीय का? हायवेला ओव्हरटेक करताना ताकद पुरते का?

कागदावरचे आकडे पाठ झालेत, अनुभव लिहा. आणि हो, क्रोम पुसून पुसून कंटाळा आलेल्यांनीही लिहा.